पाठपट्टीवरची अक्षरे

त्या रिव्हॉल्व्हरच्या पाठपट्टीवर, म्हणजे मुठीच्या मागच्या लोखंडी पट्टीवर, कोरलेली अक्षरे मी वाचली होती. ती वाचणारा मी बहुधा शेवटचा माणूस. वाचून झाल्यावर अक्षरांत भरलेली खडूची पूड मी तेलाच्या फडक्याने पुसली, आणि ज्यांच्या घरचे ते हत्यार होते त्यांना सांगितले, की त्याच्यावर काहीही लिहिलेले नाही. पुढे कितीतरी वर्षे हे मी कोणालाही कळू दिले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही. ज्या माणसांचा ते ऐकण्याचा हक्क होता, त्यांच्या घरी मी दर सणाला जेवत होतो.

यवतमाळात आमचे बंदुकांच्या विक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान आहे. परवाना वडिलांच्या काळापासूनचा. विक्री आता नावापुरती. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांनी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका, बँकेच्या पहारेकऱ्यांच्या दुनळी, यांची डागडुजी तेवढी चालते. पण दुकानाचा लौकिक निराळ्या कामाचा होता. घरातला परवानाधारक थकला किंवा वारला, की पेटीच्या तळाशी पडलेले त्याचे हत्यार वारस आमच्याकडे आणत. ते कुठे घडले, साधारण कधीचे, मूळ रूपातले त्यात किती उरले आहे आणि त्याचे मोल काय, हे आम्ही सांगायचे. वडिलांमागे ते काम माझ्याकडे आले आणि मी त्यात मनापासून रमलो. गोळ्यांच्या चक्रीवरचा आकडा सांगाड्यावरच्या आकड्याशी जुळतो का, नळीतले पेच अजून धारदार आहेत का, मूळची निळसर काळी झिलई कुठल्या कोपऱ्यात तग धरून आहे, की कोणी हौसेने निकेलचे पाणी चढवून ती घालवली आहे, असे पाहत मी तासन्‌तास बसे. जिल्ह्यात माझ्या शब्दापुढे दुसरा शब्द नसे. हे मी त्या वेळी अभिमानाने म्हणत होतो.

वडिलांनी एक नियम घालून दिला होता. माणसाची कहाणी ऐकण्याआधी हत्यार पाहायचे. “कहाणीनं किंमत वाढते बाबू, लोखंडाचं वय वाढत नाही,” असे ते म्हणत. मी हा नियम कसोशीने पाळला. पण हत्यार पाहून झाल्यावर वडील ते खाली ठेवत, दोन चहा मागवत आणि समोरच्याची कहाणी शेवटपर्यंत ऐकत. नियमाचा हा उत्तरार्ध मी शिकलो नाही.

माझी थोरली बहीण घाटंजीकडच्या एका गावी दिली आहे. तिच्या सासऱ्यांना आम्ही सगळे आबाजी म्हणत असू. तरुणपणी ते हाक्याला जात. शिकारीसाठी रान उठवायला साहेब लोक गावातली माणसे नेत, त्यांतले एक. मोहफुलांच्या दिवसांत जंगलखात्याच्या एका इंग्रज अधिकाऱ्यावर अस्वल आले. बाकीचे पांगले. आबाजींनी कुऱ्हाडीने अस्वलाला हटवले, रक्ताने माखलेल्या साहेबाला पाठीवर घेतले आणि सागाच्या रानातून गाडीवाटेपर्यंत आणून सोडले. साहेब वाचला. पुढच्या हंगामात तो परत आला, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने एक रिव्हॉल्व्हर आबाजींना दिले आणि परवानाही करून दिला.

ही झाली आबाजींची कहाणी. गावाची कहाणी निराळी होती. साहेब बेशुद्ध होता, त्याच्या कमरेचे यांनी काढून घेतले, जीव वाचला म्हणून साहेबानेही मग डोळेझाक केली. हाक्याला जाणाऱ्या माणसाला साहेब हत्यार देईल, हे गावाला पटण्यासारखे नव्हते. बांधावरून भांडण झाले, की पलीकडून हमखास शब्द येई, “आमी नाही बाप्पा बेसुद माणसाच्या कमरेले हात घालत!” भाऊजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, हे ऐकतच लहानाचे मोठे झाले होते.

दसऱ्याला त्या घरी पाटावर विळा, कुऱ्हाड, वखराची पास म्हणजे लोखंडी पाते मांडत आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. आदल्या दिवशी ती सारी घासण्याचे काम घरच्या सुनेचे. आधी आबाजींच्या पत्नीने ते केले, मग माझ्या बहिणीने. देवाची पितळी भांडी जशी चिंचेचा कोळ आणि राख लावून उजळतात, तसेच ती ते रिव्हॉल्व्हर उजळी. आमच्या धंद्यात याहून मोठी हानी नाही; जुने हत्यार घासणे म्हणजे त्याचे वय आणि खुणा दोन्ही घालवणे. पण आमच्याकडे घरोघरी हे होते, आणि श्रद्धेने होते. आबाजी ओसरीवरून कौतुकाने पाहत. “चकचकीत कर माय,” ते सुनेला सांगत, “पाव्हणा हाय तो आपल्या घरचा.”

आबाजींनी अंथरूण धरले त्या वर्षी भाऊजींनी परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायचे मनात आणले. त्यासाठी हत्याराची ओळख हवी होती. ते रिव्हॉल्व्हर नव्या टॉवेलात गुंडाळून दुकानात आले. दुकानात तेव्हा दिग्रसचे एक जिनिंगवाले शेटजी आपली दुनळी घ्यायला आलेले होते, आणि शेजारच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी नेहमीप्रमाणे आमचे वर्तमानपत्र वाचत बसलेले होते. शेटजींची जमीन भाऊजींच्याच गावाच्या शिवारात, त्यामुळे त्यांना सगळे ठाऊक.

“का हो पाव्हणे,” शेटजी म्हणाले, “हेच का ते साहेबाच्या कमरेचं?”

“कमरेचं नाही शेटजी, हातचं. साहेबानं हातानं देल्लं.”

“साहेब तं बेसुद होता म्हणते ना गाव? बेसुद माणूस कोन्त्या हातानं देते?”

गुरुजी वर्तमानपत्राआड हसले. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिले नाही. टॉवेल माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, “तू पाह्य बरं. तुले कळते. आबाजी म्हणतात, मुठीच्या मागं नाव टाकून देल्लं होतं. मले तं कधी दिसलं नाही. मी वाचाले शिकलो तवापासून ते असंच गुळगुळीत हाय.”

मी नियमाप्रमाणे आधी हत्यार पाहिले. चक्री रिकामी असल्याची खात्री केली, ती उतरवली, उलटी धरली. मागच्या तोंडावर, जिथे कोणाची चिंच पोहोचत नाही, तिथे चाचणीची खूण स्वच्छ होती: मुकुट आणि त्याखाली लंबगोलात अक्षरे. ती खूण इंग्लंडची नव्हे, बेल्जियमची. इंग्लंडातल्या नामांकित कारखान्यांच्या रिव्हॉल्व्हरांच्या नकला तिथे होत आणि जगभर स्वस्तात विकल्या जात. ओळखायला मला क्षणभरही लागला नाही, आणि त्या क्षणाचा मला फार आनंद झाला. मुठीमागे मी एकदा बोट फिरवले, इतकेच.

“भाऊजी, हे इंग्लंडचं नाही,” मी म्हणालो. “बेल्जमचं हाय. नक्कल. त्या काळी बाजारात कोणालेही भेटे. जंगलखात्याचा साहेब असलं हत्यार बाळगन काय, अन्‌ बाळगलंच तं बक्षीस म्हणून देईन काय? नावबिव काही नाही याच्यावर. किंमत म्हणाल तं मोडीची.”

मी हळू आवाजात बोलतो. पुष्कळदा वाटते, मी ओरडून बोलणारा असतो तर बरे झाले असते. हळू बोललेले लोकांना फार खरे वाटते.

“म्हंजे साहेबाचं नाही तं नाही,” शेटजी भाऊजींच्या खांद्यावर थाप मारत म्हणाले. “चला, चोरीचा डाग तं गेला! बाजारातून आणलं म्हणा अन्‌ मोकळे व्हा.” आता गुरुजी उघड हसले. भाऊजीही हसले. ते हसू मी पाहिले आणि दृष्टी वळवली. तेल-पाणी करून देतो म्हणून रिव्हॉल्व्हर मी ठेवून घेतले. भाऊजी एसटीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामे होते. उन्हे दारातून तिरपी आत आली होती. मूठ पुसताना त्या उजेडात पाठपट्टीवर काहीतरी हलल्यासारखे वाटले. सपाट लोखंडावर इतके बारीक चढउतार असत नाहीत. झिजलेले कोरीव काम वाचायची वडिलांची एक रीत होती. मी खडू कुटला, पूड पट्टीवर चोळली, तळहाताने हलकेच झटकली. पूड अक्षरांच्या तळाशी राहिली.

वर आबाजींचे नाव होते. इंग्रजी लिपीत, साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे, मध्ये एक अक्षर जास्तीचे. त्याखाली कृतज्ञता सांगणारा एक शब्द. त्याखाली देणाऱ्याच्या नावाची दोन आद्याक्षरे, त्यांतले दुसरे जवळजवळ गेलेले.

हत्याराची ओळख मी बरोबरच केली होती. ते बेल्जियमचेच होते, नक्कलच होती. चूक मोलात झाली होती. तो कोणी तरुण, कनिष्ठ अधिकारी असावा. त्याच्यापाशी जे होते ते त्याने दिले होते, आणि देताना कोरणाऱ्याकडे जाऊन एका हाकेकऱ्याचे नाव घालून घेतले होते. संग्राहकाच्या दृष्टीनेही अशा नावामुळे नक्कलही दुर्मीळ ठरते, हे मला जिल्ह्यातल्या कोणाहूनही चांगले ठाऊक होते. आणि आबाजींच्या दृष्टीने तर ते नाव म्हणजे त्यांच्या सबंध आयुष्याची साक्ष होती.

माझ्या मनात त्या दुपारी काय आले, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. भाऊजींशी माझे वैर नव्हते. त्या हत्याराचा मला लोभ नव्हता. खरे उत्तर इतके लहान आहे, की ते लिहितानाही संकोच वाटतो. मी ‘नाही’ म्हणून बसलो होतो, आणि ते दोघांनी ऐकले होते. आज ‘आहे’ म्हटले असते तर उद्या यवतमाळात आणि परवा दिग्रसात गेले असते, की आपल्या बहिणीच्या घरचे हत्यारही याला नीट वाचता आले नाही. एवढ्यासाठी मी फडके उचलले आणि खडू पुसला. मनाची समजूत घातली, की भाऊजी एकटे आले तर सांगू.

भाऊजी एकटेच आले. पण गुरुजी बाकावर होते, आणि आणखी दोन गिऱ्हाइके. भाऊजींनी हत्यार हातात घेतले, मुठीच्या मागे अंगठा फिरवला. “नीट पाह्यलं ना? काहीच नाही ना रे?” त्यांनी विचारले. त्या विचारण्यात आशा होती, म्हणूनच ती मला तोडावीशी वाटली असेल.

“काही नाही,” मी म्हणालो; आणि मग, कोणी विचारले नसताना, “असन तरी आता कुठून दिसन? ताईनं चिंचेनं घासून घासून ठेवलं ना सारं.”

“घ्या!” गुरुजी म्हणाले. “साहेबाची सही चिंचेच्या कोळात गेली!”

सगळे हसले, मीही हसलो. भाऊजींना वाचता येऊ लागले तेव्हाही ती पट्टी गुळगुळीतच होती, आणि माझी बहीण त्या घरात आली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. हे भाऊजींनीच आदल्या भेटीत सांगितले होते. तरीही मी तिचे नाव घेतले, आणि ते वाक्य भाऊजी घरी घेऊन गेले.

त्या दसऱ्याला मी गेलो तेव्हा पाटावर विळा होता, कुऱ्हाड होती, पास होती. मधली जागा रिकामी होती. बहीण हळूच म्हणाली, “मामंजी म्हणाले, यंदा राहू दे.” आबाजी खाटेवर पडून होते. त्यांनी मला जवळ बोलावले, माझा हात हातात घेतला.

“तू म्हणतं तेच बरोबर असन बाबू. तुले लोखंड कळते.” “त्यानं नाव टाकलं म्हणे. मायं बोट धरून त्याच्यावरून फिरवलं होतं. हे तुयं नाव, म्हणे. आता मले कुठं वाचता येते? काहीबाही दुसरंच असन. साहेब लोक... गंमत बी करत असतीन.”

त्यांचा हात माझ्या हातात होता. ओसरीवर दुसरे कोणी नव्हते. ना गुरुजी, ना शेटजी. सांगायला याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, “आबाजी, आराम करा.” आणि उठलो.

आबाजी थंडी सरायच्या आत गेले. दिवसकार्य झाल्यावर भाऊजींचा फोन आला. “ठाण्यात जमा करून टाकू म्हणतो. बाप खोटं बोलला असं रोज पाहाले कायले ठेवू घरात?” मी ‘थांबा’ म्हणू शकत होतो. माझ्या तोंडून आले, “तुमची मर्जी.” मग ते जमा झाले. जमा झालेली जुनी हत्यारे पुढे केव्हातरी वितळवायला गेली, त्यात तेही गेले. हे मला धंद्यातल्याच एका माणसाने सहज बोलता बोलता सांगितले. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केले. घरी विचारले तर डोके दुखते म्हणालो.

काळ सगळ्यावर धूळ घालतो असे म्हणतात. माझ्या अनुभवाला ते आले नाही. एखादे जुने हत्यार तिरप्या उजेडात धरले, की माझा हात थांबे. मी लोकांच्या कहाण्या ऐकू लागलो, चहा मागवू लागलो. लोक म्हणत, वयाबरोबर तुम्ही अगदी वडिलांसारखे झालात. मी मान खाली घालत असे.

यंदाच्या दसऱ्याला मी आदल्या दिवशीच बहिणीकडे गेलो. तिचे केस पार पांढरे झाले आहेत; भाऊजींना चालताना काठी लागते. मी ओसरीवर चहा घेत होतो. आतल्या अंगणात तिची धाकटी सून हत्यारे घेऊन बसली होती, आणि वाटीत चिंच भिजत होती. बहीण स्वयंपाकघरातून जवळजवळ धावत आली.

“नको वं! चिंच नको लावू. सुक्या फडक्यानं पूस.”

“आत्याबाई, विळा हाय तो,” सून हसून म्हणाली. “दरसाल तुमी हात बी लावत नाही, अन्‌ लोकायले बी लावू देत नाही. विळ्याले काय होते घासल्यानं?”

“खुणा जातात,” बहीण म्हणाली. मग आवाज खाली आणून, “या घरातली एक खूण माह्या हातानं गेली, बाई. मामंजी त्या पायी खोटे ठरून गेले. मले आता भांडं घासतानी बी भेव वाटते.”

तिने वाटी उचलली आणि चिंचेचे पाणी तुळशीपलीकडच्या नालीत ओतले. चहा माझ्या हातात निवून गेला. इतकी वर्षे मी समजत होतो, की मी एका मेलेल्या माणसाचा अपराधी आहे. माझी बहीण माझा अपराध आपला म्हणून रोज उचलत होती, आणि मी तिच्या हातचे पुरण खात होतो.

लगेच उठून मी तिला आत सांगू शकलो असतो. पण ते ‘नाही’ मी चारचौघांत म्हटले होते. ते एकांतात परत घेणे म्हणजे पुन्हा स्वतःलाच वाचवणे झाले असते. ती रात्र मी कशीबशी काढली.

दसऱ्याच्या संध्याकाळी गावातली माणसे सोने द्यायला आली. ओसरी भरली. बांधावरून शब्द टाकणाऱ्या घरातलीही माणसे होती. आता ती म्हातारी झालेली. आपट्याची पाने हातोहात फिरत होती. पाटावर विळा, कुऱ्हाड, पास, कुंकवाची बोटे, मधली जागा सवयीने रिकामी. भाऊजी खुर्चीवर होते. बहीण दाराशी उभी होती. मी पाने घेऊन भाऊजींच्या पायांशी वाकलो, आणि तिथेच खाली बसलो.

“काहून रे, काय झालं?” भाऊजींनी विचारले.

मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोललो. आवाज फाटत होता, पण शेवटच्या पायरीवरच्यालाही ऐकू गेला असेल.

“भाऊजी, आबाजीच्या रिव्हॉल्व्हरवर नाव होतं. आबाजीचंच नाव होतं. खाली साहेबाची अक्षरं होती. मी खडू लावून वाचलं, अन्‌ पुसून टाकलं. मी ‘नाही’ म्हणून बसलो होतो, म्हणून तुमच्याशी खोटं बोललो. आबाजीनं चोरलं नव्हतं. साहेबानं हातानंच देल्लं होतं. आबाजीनं माहा हात धरला, तवाही मी त्याईले सांगितलं नाही. ताई, तुह्या हातानं काही गेलं नाही वं. तू घासलंस त्याच्या बादही नाव वाचता येत होतं. ते मी घालवलं. तुह्यावर ढकललं. भाऊजी, ताई, मी तुमचा अपराधी हाय. आबाजी, तुमचं खरं होतं. मले माफ करा.”